कागदावरची तीन अक्षरं

पाडवा उलटला की आमच्या ओपीडीत गर्दी होते. बीड जिल्ह्यातलं गाव. साखर कारखान्यांवरून ऊसतोड करून परतलेल्या बाया सहा महिन्यांची दुखणी एकदमच घेऊन येतात. त्या सोमवारी आलेली बाई कंबरदुखीचं सांगत होती आणि पदरानं सारखी मान पुसत होती. एप्रिलचा उकाडा, घाम मलाही येत होता, म्हणून मी आधी लक्षच दिलं नाही.

"रात्री झोप न्हाई, म्याडम. अंगातून वाफा निघत्यात. मालकावर उगंच खेकसते."

वय बत्तीस. थायरॉइडची तपासणी आधीच कुणीतरी करून घेतलेली, व्यवस्थित होती. पाळीचं विचारलं तर म्हणाली, "पिशवी काढून सात वर्सं झाली की."

कागद मागितला. कॅरीबॅगमधून रेशनकार्ड निघालं, मुकादमाच्या उचलीचा हिशोब निघाला आणि शेवटी घडीवर फाटलेलं डिस्चार्ज कार्ड. त्यावर 'टीएएच' आणि पुढे 'बीएसओ'. म्हणजे गर्भाशय तर काढलंच, शिवाय दोन्ही नळ्या आणि दोन्ही अंडाशयंही. पंचविसाव्या वर्षी. कशासाठी, तर अंगावरून पांढरं जायचं आणि "कॅन्सर व्हईल" म्हणाले होते. तपासणीचा एकही रिपोर्ट त्यात नव्हता.

केसपेपरच्या मागे चित्र काढून दाखवलं. "ताई, पिशवीबरोबर ही दोन्हीही गेलीत."

"ती काय करत्यात?"

पाळी जाणं तिला ठाऊक होतं, तिला ते बरंही वाटलं होतं. तोडीवर पाळी म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे दंड. पण हाडं, हृदय, झोप यांना लागणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन अंडाशयांतूनच येतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. काही बायकांची अंडाशयं ऑपरेशनशिवायही चाळिशीच्या आत थकतात, पण त्यांच्यात अधूनमधून थोडी धुगधुगी असते. हिचं सगळं एका दुपारीत संपलं होतं. आपण सगळेच 'पिशवी' म्हणतो, आम्ही डॉक्टरसुद्धा. त्या एका शब्दाआड बाकीचं खपून जातं. २०१९ च्या सरकारी पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्यातल्या किती कार्डांवर 'बीएसओ' असेल?

छातीत गाठ, पायात रक्ताची गुठळी, असं काही झालं होतं का ते विचारलं, बीपी पाहिलं. गर्भाशय नसल्यानं नुसतं इस्ट्रोजेन पुरतं. गोळी लिहिली, सोबत कॅल्शियम.

"किती दिस?"

"पन्नाशीच्या आसपास येईपर्यंत."

ती हसली. "अन् तोडीला गेल्यावर कुठली गोळी?"

मी सहा महिन्यांची चिठ्ठी लिहिली. खरं तर उत्तर सुचलं नव्हतं.

उठता उठता म्हणाली, "माझ्या जावंची बी पिशवी काढलीय. अठ्ठाविसाची हाय."

पुढच्या सोमवारी दोघी आल्या. जाऊबाईचा कागद नव्हता. पावसात घर गळलं, त्यात भिजून गेला म्हणे. मी सोनोग्राफी लिहून दिली.