रायसिनाचा चढ आणि दोन मित्रांचं भांडण

इंडिया गेटकडे पाठ करून उभं राहिलं की कर्तव्य पथ सरळसोट पश्चिमेला जातो आणि त्याच्या टोकाला राष्ट्रपती भवनाचा घुमट दिसतो. हे अंतर गाडीतून कापू नका, पायीच जा. का, ते सांगतो.

१९११च्या दरबारात पंचम जॉर्जने राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवत असल्याचं जाहीर केलं. नव्या शहराचं काम एडविन ल्यूटेन्स आणि हर्बर्ट बेकर या वास्तुविशारद असलेल्या जुन्या मित्रांकडे आलं. इंडिया गेट ल्यूटेन्सचं. ४२ मीटर उंच, उद्घाटन १९३१चं. शेजारच्या छत्रीत पंचम जॉर्जचा पुतळा होता. तो १९६८ मध्ये हलवला, मग छत्री कित्येक वर्षं रिकामीच होती. २०२२पासून तिथे नेताजी आहेत.

घुमटावर नजर ठेवून चालत राहिलो. विजय चौकात पोचलो आणि महाल गायब! खांब, पायऱ्या, दर्शनी भाग, सगळं चढाआड गेलं. घुमटाचा तेवढा वरचा भाग उरला.

ल्यूटेन्सला व्हाइसरॉयचा महाल, म्हणजे आजचं राष्ट्रपती भवन, रायसिना टेकडीच्या माथ्यावर एकटाच हवा होता. बेकरचं म्हणणं पडलं, सचिवालयाच्या दोन्ही इमारतीही त्याच उंचीवर हव्यात. बेकरचं चाललं, महाल मागे सरकला आणि रस्ता दोन सचिवालयांच्या मधून चढू लागला. गंमत म्हणजे त्या नकाशाला ल्यूटेन्सनेही संमती दिली होती. परिणाम लक्षात आल्यावर त्याने चढ कापून घ्यायला जंग जंग पछाडलं, पण खर्चाचं कारण देऊन सरकारने नकार दिला. मैत्री मात्र तुटली ती तुटलीच. मला विचाराल तर बेकरने नकळत उपकारच केले. चढ चढताना तो महाल पावलापावलाने पुन्हा जमिनीतून उगवतो, ते नाट्य सपाट रस्त्यावर जमलंच नसतं.

वर नॉर्थ ब्लॉक, साउथ ब्लॉक, म्हणजे तीच ती दोन सचिवालयं. खाली लाल, वर पिवळसर वाळूचा दगड, ऊन अडवायला खोल छज्जे आणि जाळ्या. नॉर्थ ब्लॉकच्या दारावर इंग्रजीत कोरलंय, त्याचा मतलब असा की स्वातंत्र्य लोकांपर्यंत आपण होऊन खाली येत नाही, लोकांनीच त्याच्यापर्यंत चढावं लागतं. ज्यांनी ते दाबून ठेवलं त्यांनीच हा उपदेश करावा, म्हणजे धन्यच!

राष्ट्रपती भवन आतून बघायचं तर आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. खोल्या ३४०, पण माझी नजर खांबांवर खिळली. प्रत्येक खांबाच्या माथ्याशी कोपऱ्यांतून दगडी घंटा लटकतात. दगडी घंटा वाजत नाहीत, म्हणून राज्य बुडत नाही, अशी त्यामागची कथा सांगतात. नव्या राजधानीचं उद्घाटन १९३१चं, राज्य गेलं १९४७ला. हिशोब तुम्हीच करा. भारतीय वास्तुकलेला नाकं मुरडणाऱ्या ल्यूटेन्सला घुमटासाठी शेवटी सांचीच्या स्तूपाकडेच वळावं लागलं, हेही मला आवडलं.

उतरताना उजेडात जुनी संसद दिसते. १९२७ची, १४४ खांबांची, गोल. काम बेकरचं, पण त्याने आधी काढला होता तो त्रिकोणी आराखडा. गोलाचा आग्रह ल्यूटेन्सचा, आणि या खेपेला त्याचं चाललं. २०२३ मध्ये शेजारीच नवी संसद उभी राहिली, ती त्रिकोणी. बेकरला हे दाखवायला हवं होतं.