मायनरला इंग्रजी घेतलं त्याची गोष्ट

"भूगोल सोडून इंग्रजी? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" दादाचा पहिला प्रश्न हा. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. चार वर्षं सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत राज्यसेवेची तयारी करतोय, त्यामुळे घरातल्या शिक्षणाच्या सगळ्या प्रश्नांवर शेवटचा शब्द त्याचा.

मी बी.ए.ला प्रवेश घेतला जून २०२४ मध्ये, म्हणजे नवं शैक्षणिक धोरण संलग्न कॉलेजांना लागू झालं त्याच वर्षी. आमची पहिलीच बॅच. पहिल्या वर्षी अर्थशास्त्र, भूगोल आणि इंग्रजी. दुसऱ्या वर्षाला जाताना यातला एक मेजर म्हणजे मुख्य विषय करायचा, एक मायनर म्हणजे दुय्यम, आणि तिसऱ्याला रामराम. शिवाय ओई, एईसी, व्हीएससी, सीसी अशी बाकीच्या पेपरांच्या आद्याक्षरांची रांगच होती. ऑफिसच्या खिडकीतले काका म्हणायचे, "ते एईसी-बीईसी नंतर बघू, आधी मेजर-मायनर भर."

मेजर अर्थशास्त्र, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. भांडण मायनरचं. दादाचा हिशोब सरळ होता. भूगोल पूर्वपरीक्षेला लागतो, मुख्यलाही लागतो. इंग्रजीचं काय? २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, तिच्यात इंग्रजीचा पेपर ३०० गुणांचा आहे खरा, पण २५ टक्के मिळाले की पात्र, मेरिटला ते गुण धरतच नाहीत. "पंचवीस टक्क्यांसाठी दोन वर्षं घालवणार का?" पप्पांचं मत उलटं. "घे इंग्रजी, फाडफाड बोलायला तरी लागशील." खरं सांगायचं तर माझंही कारण तेच होतं. मी मराठी माध्यमातली. वर्गात प्रेझेंटेशन आलं की मी चार्ट धरून उभी राहायचे, बोलायचं काम शहरातल्या मुली करायच्या.

इंग्रजीच्या मॅडमना भेटायला गेले तर त्यांनी माझ्या कारणावर पाणीच ओतलं. "बोलायला शिकायचं असेल तर इकडे येऊ नकोस. भाषेच्या कौशल्यासाठी एईसीचा पेपर वेगळा आहे, तो सगळ्यांनाच आहे. मायनरला आपण कविता, कथा, नाटक वाचतो. तासभर एकाच पानावर बसायची तयारी आहे का?" मी हो म्हणाले. तयारी होती म्हणून नाही, समोर नाही कसं म्हणायचं ते सुचलं नाही म्हणून.

त्या रात्री मात्र विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून अभ्यासक्रमाची पीडीएफ उतरवली. हे काम मी आधीच करायला हवं होतं. वर्गातल्या बहुतेकांनी मैत्रिणीने काय घेतलं ते बघून विषय घेतला, अभ्यासक्रम कुणी उघडलाच नाही. दुसऱ्या वर्षी आमच्याकडे मायनरला दर सत्रात ४ क्रेडिट. १ क्रेडिट म्हणजे १५ तास, म्हणजे सत्रात ६० तास. भूगोलाच्या यादीतलं अर्धं मला माहीत होतं. इंग्रजीच्या यादीतलं एक नाव सोडता काहीच माहीत नव्हतं. ते एक नाव होतं 'जेजुरी'. आमचं गाव पुरंदर तालुक्यातलं, खंडोबा कुळदैवत. इंग्रजीच्या अभ्यासक्रमात आमचा देव काय करतोय, एवढ्या एका कुतूहलावर मी इंग्रजी भरलं. दादाला हे कारण अजून सांगितलेलं नाही.

भरलं म्हणजे झालं असं नाही. यादी लागली तर माझं नाव भूगोलात! ऑनलाइन फॉर्ममध्ये मी इंग्रजी निवडलं होतं, पण प्रिंट काढली नव्हती. खिडकीतले काका म्हणाले, "सिस्टीमने घेतलंय, आम्ही काय करणार?" मग अर्ज, त्यावर भूगोलाच्या सरांची 'हरकत नाही', इंग्रजीच्या मॅडमची 'प्रवेश द्यावा', वर प्राचार्यांची सही. भूगोलाचे सर तीन दिवस कुठल्यातरी प्रशिक्षणाला गेले होते. नऊ दिवस गेले यात. तेव्हापासून मी कुठलाही फॉर्म भरला की आधी स्क्रीनशॉट काढते, मग पाणी पिते.

दुसरं संकट वेळापत्रकाचं. मायनरचा तास सकाळी साडेसातला. मायनर निवडताना लोक गुण बघतात, शिक्षक बघतात. तास कधी आहे ते आधी विचारावं. नशिबाने सीताफळाचा बहार सुरू होता, पप्पांना पहाटे सासवडच्या बाजारात जायचंच असायचं. पिकअपमध्ये क्रेटच्या शेजारी बसून मी सासवडपर्यंत, तिथून बसने दिवे घाट उतरून हडपसर, पुढे दुसरी बस. वर्गात पोचले की बॅगेला सीताफळाचा वास.

पहिला दीड महिना वाईट गेला. एका ओळीत पाच शब्द अडायचे. मोबाइलमध्ये अर्थ बघेपर्यंत मॅडम पुढच्या कडव्यावर. अंतर्गत चाचणीत ३० पैकी ११. दादाने फक्त "हं" केलं, तो जास्त लागला.

मग 'जेजुरी' आलं. अरुण कोलटकरांचा हा संग्रह १९७६ मध्ये पुस्तकरूपाने आला आणि पुढच्या वर्षी त्याला राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला. त्यातली पहिलीच कविता यष्टीतल्या प्रवासाची. त्या गाडीच्या खिडक्यांवर 'टारपॉलिन' घट्ट लावलेलं आहे. मॅडमनी विचारलं, टारपॉलिन म्हणजे काय? प्रेझेंटेशनवाल्या मुली गप्प. मी म्हणाले, "ताडपत्री." सीताफळाच्या गाडीवर आम्ही रोज तीच टाकतो. मॅडम म्हणाल्या, "मग आता सांग, खिडकीला ताडपत्री असली की आत बसलेल्या माणसाला बाहेरचं काय दिसेल?" काहीच नाही, मी म्हणाले. बाहेर अंधार, आणि समोर बसलेल्या म्हाताऱ्याच्या चष्म्यात आपलंच तोंड. देवाच्या वाटेवर निघालेल्या माणसाला स्वतःचाच चेहरा दिसतोय. अख्खा तास त्या एका खिडकीवर गेला, आणि तो कधी संपला मला कळलं नाही.

पुढच्या कविता वाचताना मात्र चिडचिड झाली. हा माणूस जेजुरीत आला, पडकी देवळं बघितली, दगड बघितले, आणि हात जोडायला तयारच नाही. आमच्या घरात लग्न झालं की जागरण घातल्याशिवाय दुसरं काम होत नाही. मी वर्गात तसं बोलले, अर्धं मराठीत, अर्धं मोडक्या इंग्रजीत. मॅडम म्हणाल्या, हेच लिहून आण.

लिहिण्याआधी आजीला फोन केला. यष्टीला खरंच ताडपत्री असायची का?

"असायची की. काचा कुठं होत्या तवा? पावसात पार भिजून जायचो. पण तुला कशाला गं?"

मी सांगितलं, एक कवी होते, मुंबईला राहायचे, ते यष्टीत बसून जेजुरीला आले आणि त्यांनी त्याच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं.

"भंडारा उधळला का त्यानी?"

"नाही बहुतेक."

"तळी भरली?"

"नाही गं."

आजी जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "मग एवढ्या लांब आला कशाला?"

प्रकल्पाच्या पहिल्या पानावर मी तोच प्रश्न लिहिला, आजीच्याच शब्दांत, खाली इंग्रजीत. उत्तराला सहा पानं लागली. ३० पैकी २१ मिळाले. मॅडमनी माझी चार वाक्यं लाल शाईने दुरुस्त केली होती, आजीच्या वाक्याला हात लावला नव्हता.