संमतिपत्रातली भूल

सव्वीस वर्षं मुद्रितशोधन केलं की कुठलाही कागद सरळ वाचता येत नाही. लग्नपत्रिका असो की औषधाच्या खोक्यावरची सूचना, डोळा ऱ्हस्व-दीर्घावर अडकतोच. गेल्या पावसाळ्यात जिन्याच्या ओल्या पायरीवरून घसरून माझा उजवा घोटा दोन ठिकाणी मोडला. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सिस्टरने संमतिपत्र पुढे केलं, तेव्हाही तेच झालं.

कागद पाठपोट छापलेला, एकीकडे इंग्रजी, एकीकडे मराठी. मराठीत होतं : 'मला मेरुरज्जूमध्ये इंजेक्शन देऊन भूल देण्यात येईल, हे मला समजले आहे.' समजलं तर काहीच नव्हतं. कोपऱ्यात कुणीतरी पेनाने 'एस. ए. बी.' असं खरडलेलं. मेरुरज्जू म्हणजे मेंदूपासून कण्यातून खाली येणारी दोरी, एवढं मला ठाऊक होतं. शाळेची विज्ञानाची पुस्तकं हाताखालून गेली आहेत. त्या दोरीत सुई खुपसणार?

"सगळे सही करतात हो काकू," सिस्टर म्हणाली. तिचंही खरं होतं, तिला अजून सहा खाटा उरकायच्या होत्या. पण मी पेन टेकवलं नाही. त्यात दुपारी भेटायला आलेल्या शेजारच्या वहिनींनी बजावलं होतं, "कमरेत सुई घेऊ नका. माझं सिझर होऊन बावीस वर्षं झाली, अजून कंबर धरते."

रात्री साडेनऊला भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडम आल्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, कशाची अ‍ॅलर्जी आहे का, आधी कधी भूल घेतली होती का, असं सगळं विचारून झालं. तोंड मोठं उघडायला लावून आत पाहिलं. भूल कमरेत द्यायची तर घसा कशाला बघता, असं मी विचारलं. वेळ पडली तर पूर्ण भूल द्यावी लागते, म्हणून ती तयारी आधीच ठेवायची, असं त्या म्हणाल्या. मग मी तो कागद पुढे केला.

त्यांनी केसपेपर उलटा करून त्यावर कणा काढला. एस. ए. बी. म्हणजे सबअरॅक्नॉइड ब्लॉक. बोलताना सगळे ज्याला स्पायनल म्हणतात, तेच. मेरुरज्जूभोवती तीन आवरणं असतात. मधलं कोळ्याच्या जाळ्यासारखं, म्हणून ग्रीकमधल्या कोळ्यावरून त्याचं नाव अरॅक्नॉइड. (आपल्या परिभाषेत जालतानिका. शब्द अवघड आहे, पण अर्थ नेमका धरतो.) त्या जाळीच्या आत पाणी असतं आणि औषध त्या पाण्यात सोडायचं. पण मोठ्या माणसाची मेरुरज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपासच संपते. त्याखाली पाण्यात नुसते मज्जातंतूंचे धागे लोंबत असतात, घोड्याच्या शेपटीसारखे. सुई तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या फटीतून जाते आणि धागे सहसा बाजूला सरकतात.

"म्हणजे मेरुरज्जूमध्ये नाहीच?"

"नाही. तिथे जायचंच नसतं."

"मग हे वाक्य चूक आहे."

त्यांनी कागद हातात घेऊन दोनदा वाचला आणि हसल्या. "इतकी वर्षं सही घेतोय, मी स्वतः कधी वाचलं नव्हतं." वहिनींच्या कमरेबद्दल म्हणाल्या, सुई टोचल्या जागी दोन-चार दिवस ठणकू शकतं; वर्षानुवर्षांच्या दुखण्याचा दोष मात्र बहुतेक वेळा सुईकडे उगाच जातो. माझी मुलगी वेगळ्याच शब्दाने घाबरली होती. औषधाच्या नावापुढे 'हेवी' लिहिलेलं तिने पाहिलं होतं. तो डोस जबर असल्याचा इशारा नव्हे. ब्युपिव्हाकेन या भुलीच्या औषधात डेक्स्ट्रोज म्हणजे साखर घालून ते त्या पाण्यापेक्षा जड केलेलं असतं, म्हणजे ते खाली बसतं आणि रुग्णाला कसं ठेवायचं त्यावरून किती वर चढू द्यायचं ते ठरवता येतं. माझ्या वाट्याला येणार होतं ३ मिलिलिटर, त्यात साखर पाव ग्रॅमही नाही. मी सही केली. छापील वाक्यावर रेघ मारून, वर बरोबर मजकूर लिहून मग केली.

सकाळी टेबलावर बसवलं, उशी कवटाळायला दिली, हनुवटी छातीला. "पाठ मांजरासारखी बाहेर काढा." मॅडमनी दोन्ही हातांनी कमरेची हाडं चाचपली, त्यांच्या वरच्या कडा जोडणारी रेघ साधारण चौथ्या मणक्यावरून जाते, तिच्यावरून जागा ठरते. गार स्पिरिट. "मुंगी चावेल," म्हणाल्या. मुंगी नव्हे, मुंगळा होता. पण ती जागा बधिर करायची सुई होती. खरी सुई गेली तेव्हा नुसता दाब जाणवला. मग बसल्याजागी ऊब आली, कोमट पाण्यात पाय सोडावेत तशी, आणि मला पटकन आडवं केलं.

पुढची दहा मिनिटं फार विचित्र. स्पिरिटचा बोळा पायाला लावला तर ओला लागतो, पण गार लागत नाही. चिमटा काढलेला कळतो, दुखत नाही. "पाय उचला" म्हटल्यावर मी मनातल्या मनात उचलला, तो जागचा हलला नाही. सगळ्यांत गंमत म्हणजे माझे गुडघे वाकवून वर धरलेत, अशी माझी पक्की खात्री होती. मान वळवून पाहिलं तर दोन्ही पाय सपाट पडलेले. पाय कुठे आहेत ही खबर थांबली की मेंदू जुन्याच बातमीवर चालतो, असं मॅडम म्हणाल्या. मध्येच मळमळलं, कानात गुणगुण सुरू झाली. रक्तदाब उतरला होता. त्यांनी सलाइनमध्ये काहीतरी सोडलं आणि मिनिटभरात बरं वाटलं. मग ड्रिलचा आवाज. वरच्या मजल्यावर कुणाच्या फ्लॅटचं काम चालू असावं तसा, फक्त भिंत माझी.

भूल या शब्दात भुलणं आहे, चुकणंही आहे. मला तर सगळं लख्ख आठवतंय. डॉक्टरांनी मागितलेल्या स्क्रूची मापंसुद्धा.

तीनेक तासांनी आधी अंगठा हलला, मग बाकीची बोटं. दुखणं त्याच्या पाठोपाठ आलंच, त्याचं कौतुक करत नाही. लघवी व्हायला रात्र झाली, तोवर सिस्टर तीनदा विचारून गेली. बसल्यावर वाढणारं आणि आडवं झाल्यावर थांबणारं डोकं दुखलं तर लगेच सांगा, असं बजावलं होतं. माझं दुखलं नाही.

प्लॅस्टरमधल्या दिवसांत वाचायला वेळच वेळ होता. १८९८च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या कील इथे ऑगस्ट बिअर या सर्जनने पहिल्यांदा अशी भूल देऊन ऑपरेशन केलं, तेही घोट्याचंच. क्षयाने किडलेला घोटा होता. औषध कोकेन, १५ मिलिग्रॅम. माझं ब्युपिव्हाकेनही १५ मिलिग्रॅमच. काही दिवसांनी त्याने आणि त्याच्या सहायकाने हा प्रयोग एकमेकांवर करायचा घाट घातला. बिअरच्या पाठीत सुई गेली, पण सिरिंज सुईला नीट बसेना आणि पाणी गळून गेलं. मग सहायकाची पाळी. तो बधिर झाल्यावर याने त्याच्या नडगीवर हातोडा हाणून पाहिला. नंतर दोघेही आजारी. बिअर तर डोकेदुखीने नऊ दिवस हैराण. संमतिपत्र कुणी कुणाचं घेतलं होतं देव जाणे.

सहा आठवड्यांनी एक्स-रेला गेले. काउंटरवर शेजारच्या आजोबांपुढे नवं संमतिपत्र होतं, वाक्य बदललेलं : 'कमरेच्या मनक्यांमधील फटीतून, मेरुरज्जूच्या खालील द्रवात इंजेक्शन देऊन...' मजकूर माझाच. फक्त टाइप करणाऱ्याने 'मणक्यां'चा 'ण' खाल्ला होता. मी पर्समध्ये लाल पेन शोधू लागले.