टँकरवरचं '२ आर'

सकाळी साडेनऊला आमचे ड्रायव्हर आप्पांचा फोन आला, "ताई, गाडी आत घेत नाहीत. लायसनची मुदत संपली म्हणतात." वडोदऱ्याजवळच्या नंदेसरीतल्या एका कारखान्याच्या गेटवर आमचा रिकामा टँकर उभा होता, हायड्रोक्लोरिक ॲसिड भरायला. माझ्या वहीप्रमाणे आप्पांच्या लायसनला अजून दोन वर्षं होती. "कार्डाचे फोटो पाठवा, दोन्ही बाजूंचे," म्हटलं. पुढच्या बाजूला ट्रान्सपोर्टची मुदत होती, ती शाबूत. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत धोकादायक मालाची मुदत वेगळी लिहिलेली असते. ती संपून चार महिने झाले होते.

चार महिने आप्पा ॲसिड भरून हालोलला जात-येत होते आणि मी वहीवर विसंबून होते. त्या दिवसांत कुठे काही झालं असतं तर, हा विचार आला की आजही पोटात गोळा येतो. गेटवरच्या माणसाने गाडी परत पाठवली, ते बरोबरच केलं.

बाबांना अर्धांगवायूचा झटका आल्यावर हा धंदा माझ्याकडे आला. दोन टँकर, छाणीला ऑफिसची एक खोली, रावपुऱ्यात घर. बाबांच्या काळात धोकादायक मालाचं लायसन एकाच वर्षाचं असे, आणि नूतनीकरणाआधी ते ड्रायव्हरला एक दिवसाच्या उजळणी वर्गाला धाडत. २०१९ मध्ये मोटार वाहन कायदा बदलला. ट्रान्सपोर्टचं लायसन पाच वर्षांचं झालं, धोकादायक मालाचं तीन. मी पाच तेवढे लक्षात ठेवले होते.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नववा नियम मी त्या आठवड्यात पहिल्यांदा नीट वाचला. असा माल नेणाऱ्या ड्रायव्हरने तीन दिवसांचा ठरलेला अभ्यासक्रम पुरा करायचा, त्याचं प्रमाणपत्र दाखवायचं, मग आरटीओ लायसनवर तशी नोंद करणार. त्याच नियमात आणखी एक अट आहे: संविधानाच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा आणि इंग्रजी लिहितावाचता आली पाहिजे. आप्पा मूळचे नंदुरबारकडचे. मराठी सातवीपर्यंत, गुजराती बोलून बोलून पक्की झालेली. इंग्रजीचं मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. लायसन आहे म्हणजे येत असेल, असं धरून चालले होते.

दुसऱ्या गाडीवर डभोईचा एक तरुण नव्याने घेतला होता, त्याला कोर्स करायचाच होता. आप्पांनाही मी उजळणीवर न भागवता पुरे तीन दिवस त्याच्याबरोबर बसवलं. सरांची परवानगी काढून मीही मागच्या बाकावर बसले. वर्गात सगळे ड्रायव्हर, बाई मी एकटीच. पहिल्या दिवशी थोडं अवघडल्यासारखं झालं, नंतर विसरले.

पहिला दिवस अपघात टाळून गाडी चालवण्याचा होता: ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर, रात्रीचं ड्रायव्हिंग, रेल्वे फाटक, पाऊस. दुसऱ्या दिवशी गाडी सुरू करण्याआधी काय काय तपासायचं आणि अर्ध्या भरलेल्या टाकीचं वागणं. अर्धी रिकामी पाण्याची बाटली आडवी धरून सरांनी झटक्याने पुढे नेली आणि थांबवली. हात थांबला तरी आतलं पाणी पुढे धडकलंच. आप्पा पहिल्यांदा खुलून बोलले, "गोल्डन चोकडीच्या वळणाला हेच होतं. गाडी वळते, माल सरळ जातो." सरांनी त्यांना पुढे बोलावून सगळ्यांना ते पुन्हा सांगायला लावलं.

खरा दिवस तिसरा. सर अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. त्यांनी आप्पांना विचारलं, "तुमच्या टँकरवर नारिंगी पाटीवर वर काय लिहिलंय?"

"२ आर," आप्पा म्हणाले.

"म्हणजे काय?"

आप्पा जरा थांबले. "गाडीचा नंबर असेल कंपनीचा. दोन नंबरची गाडी."

कोणी हसलं नाही. बहुतेकांना तेच वाटत असावं. अकरा वर्षं ती पाटी घेऊन आप्पा हिंडत होते, आणि त्या दोन चिन्हांत त्यांचाच जीव वाचवायची सूचना होती. सरांनी फळ्यावर मांडलं. याला हॅझकेम कोड म्हणतात. आकडा सांगतो विझवायला, आवरायला काय वापरायचं: १ म्हणजे पाण्याचा जाड फवारा, २ म्हणजे बारीक फवारा, ३ म्हणजे फोम, ४ म्हणजे कोरडी पावडर, पाणी मुळीच नाही. पुढचं अक्षर अंगावर काय घालायचं आणि सांडलेल्या मालाचं काय करायचं ते सांगतं. पी, आर, एस, टी असेल तर भरपूर पाण्याने पातळ करून वाहू देता येतं. डब्ल्यू, एक्स, वाय, झेड असेल तर गटारात, नाल्यात जाऊ द्यायचं नाही, तिथेच अडवायचं. शेवटी ई असेल तर आसपासची माणसं हलवायचा विचार आधी. पेट्रोलच्या टँकरवर ३ वाय ई असतं. आमच्या २ आर चा अर्थ: बारीक फवारा, अंगभर रसायनरोधक पोशाख आणि श्वसनयंत्र, पातळ केलेलं चालेल.

"पण तुम्ही फवारा मारायला जायचं नाही," सर आप्पांना म्हणाले. "वारा कुठून येतोय ते बघायचं, त्याच बाजूला सरकायचं, लोकांना लांब ठेवायचं, जवळच्या पोलीस ठाण्याला आणि मालकाला कळवायचं. बंबवाला आला की ट्रेम कार्ड, म्हणजे मालाचे धोके आणि उपाय लिहिलेलं कार्ड, त्याच्या हातात."

टाकी धुण्याबद्दलही ते कळकळीने बोलले. सोडियम हायपोक्लोराइट नेलेल्या टाकीत न धुता हायड्रोक्लोरिक ॲसिड भरलं, किंवा ग्राहकाकडे चुकीच्या टाकीला पाइप जोडला, तर क्लोरीन वायू निघतो. दोन्ही माल आपल्याकडे रोज फिरतात. तेव्हापासून पाइप जोडण्याआधी ग्राहकाच्या माणसाकडून टाकीचं नाव वदवून घ्यायचं, असं मी दोघांना सांगून ठेवलंय.

त्या संध्याकाळपासून आप्पा ऑफिसात तासभर थांबू लागले. मी इंग्रजीचं पुस्तक आणलं नाही, ट्रेम कार्डच समोर ठेवलं. केबिनमध्ये लागणार ते हेच. पहिला शब्द 'करोझिव्ह', म्हणजे कातडी, धातू खाणारं. धोकादायक मालाच्या वर्गवारीत ॲसिड आठव्या वर्गात येतं, त्या वर्गाच्या लेबलवर हातावर आणि पत्र्यावर थेंब पडताना दाखवलेत. ते चित्र त्यांना पाठ होतं, आता खालचा शब्द त्याला जोडला. बोट ठेवून एकेक अक्षर. 'स्पिल', 'आइज', 'वॉटर', 'फायर'. सतरा-अठरा दिवसांत ते कार्ड अडखळत पण स्वतः वाचू लागले. डोळ्यांत गेलं तर काय करायचं, ती ओळ त्यांनी आधी वाचून दाखवली आणि मग मराठीत सांगितली. मला फार बरं वाटलं.

आरटीओचं काम त्यामानाने सरळ होतं. लायसनच्या सरकारी सारथी पोर्टलवर अर्ज, प्रमाणपत्र जोडलं, फी भरली, दरजीपुऱ्याला एक खेप. नोंद होईपर्यंत गाडी उभी ठेवली. हप्ता चुकू नये म्हणून घरातून पैसे घातले.

गाडी उभीच होती म्हणून तीही नियमांच्या यादीला लावली. सायलेन्सरला ठिणग्या अडवणारा स्पार्क अरेस्टर होता, पण जाळी गंजून फाटलेली. आग विझवायच्या नळकांड्याची तारीख उलटलेली. गाडी उभी असताना ती ड्रायव्हरच्या किंवा १८ वर्षांवरच्या जाणकार माणसाच्या ताब्यात हवी, असं नियम म्हणतो, आणि आमचा क्लीनर सतरा वर्षांचा होता. आप्पा जेवायला ढाब्यात गेले की ॲसिडची गाडी त्या पोराच्या भरवशावर. मी त्याला गाडीवरून उतरवलं, मोठा माणूस घेतला. त्याची आई येऊन रडली, तिला समजावायला दोन फेऱ्या झाल्या.

पाटीवरचे दोन्ही फोन नंबर मी रात्री अकराला लावून पाहिले. तज्ज्ञ सल्ल्याचा म्हणून लिहिलेला नंबर वाजत राहिला, कोणी उचलला नाही. तो माल देणाऱ्यांच्या दिवसपाळीच्या ऑफिसातला होता. टँकर रात्री धावतात. मी त्यांच्याकडून चोवीस तास उचलला जाणारा नंबर लेखी मागून घेतला.

शेवटी पाट्या. नावाची अक्षरं किमान ५० मिलिमीटर, यूएन क्रमांकाचे, म्हणजे माल कोणता ते सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाचे, आकडे १०० मिलिमीटर, लेबलची बाजू २५० मिलिमीटर. छाणीच्या पेंटरला कागदावर मापं काढून दिली. दोन दिवसांनी गाडी बघायला आप्पांना घेऊन गेले. रंग ताजा, अक्षरं सुबक. मी पैसे काढू लागले, तोवर आप्पा पाटीजवळ गेले आणि बोट अधांतरी धरून वाचू लागले.

"ताई, हे आपलं नाही. आपलं १७८९. यांनी १७९८ लिहिलंय."

मी कागद काढला. खरंच आकडे उलटसुलट झाले होते. १७९८ म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडचं मिश्रण, सोनार ज्यात सोनं विरघळवतात ते. बंबवाल्याने लांबून दुर्बिणीने तोच आकडा वाचला असता. पेंटरने थिनरचा बोळा घेतला आणि शेवटचे दोन आकडे पुसले. नवे आकडे वाळेपर्यंत आप्पा तिथेच उभे राहिले. मग दुसऱ्या बाजूची पाटी वाचली, आणि वाकून मागचीही.