तुम्ही विचारलंत म्हणून : मुलीला कशाला सांगितले?

एचआयव्हीची औषधे मिळतात त्या एआरटी केंद्रात गोळ्यांसाठी शेजारी बसलेल्या बायका मला हटकून विचारतात, "पोरांना काही नाही ना? मग थोरलीला कशाला सांगितलंत?" दोन्ही मुलांचे अठराव्या महिन्याचे एचआयव्ही तपासणीचे अहवाल निगेटिव्ह आले, तेव्हा विषय मिटला असे मीही धरून चालले होते. शाळकरी वयाच्या मुलांना पालकांच्या एचआयव्हीविषयी सांगावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०११ सालीच म्हटले असल्याचे समुपदेशक ताई सांगत. त्या संघटनेला आमची भावकी नांदवायची नाही, असे माझे उत्तर ठरलेले असे.

रात्री नऊची गोळी मी थायरॉईडची म्हणून घेत असे. मुलगी सातवीत असताना ताटे उचलता उचलता म्हणाली, "आजीची थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी असते. तुझी जेवल्यावर कशी?" सासूबाई कीर्तनाला गेल्या होत्या, म्हणून मी सांगून टाकले. ती रडली नाही. "मला आहे?" असे तिने विचारल्यावर मी कपाटातला अहवाल तिच्यापुढे ठेवला, तो तिने तारखेपासून शिक्क्यापर्यंत वाचला. मग म्हणाली, "बाबा काविळीने गेले नाहीत ना?" नाही, म्हटले. "मग आधी कोणाला झाला?" मी "ठाऊक नाही" म्हणाले. मला ठाऊक होते. ज्याच्या खांद्यावर बसून तिने जत्रा पाहिली, त्या माणसाचा हिशेब तिच्यापुढे मांडायला मी तेव्हा तयार नव्हते आणि आजही नाही. याला कोणी खोटेपणा म्हटले तरी माझी हरकत नाही.

माझ्या संमतीवाचून माझा आजार उघड करता येत नाही, असे २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सांगतो. तो दवाखान्याला आणि मालकाला बांधतो. मुलीला मात्र मी गळ्याची शपथ घालून बांधले. मैत्रीण घरी आली की ती आधी माझी गोळ्यांची बाटली आत सरकवते. हे पाहिले की माझेच जुने मन मला म्हणते, यासाठीच नको म्हणत होते. त्यावर माझे म्हणणे एवढेच की थायरॉईडची थाप तिने आधीच पकडली होती, आणि उरलेले तिने नातेवाइकांच्या कुजबुजीतून गोळा करावे, हे मला नको होते.

आता धाकट्याचा प्रश्न आहे. तो तिसरीत आहे. त्याला इतक्यात सांगू नकोस, असे थोरलीच बजावते, आणि त्यावरून आमचे दोघींचे अधूनमधून वाजते.