बाळाच्या झोळीत भात

देवगड तालुक्यातल्या एका किनाऱ्यावरच्या गावात आरोग्य उपकेंद्रावर मी सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणून काम करते. बीपी, शुगर, गरोदर बायका, लसीकरण, आणि तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचं कंबरेचं माप. टेप लावली की बायका लाजतात, श्वास आत ओढून धरतात आणि मग मला सांगावं लागतं की काकी श्वास सोडा, मी काही ब्लाउज शिवायला माप घेत नाहीये. ८० सेंटीमीटरच्या वर बाईची कंबर गेली की आम्ही लक्ष ठेवायला लागतो, पुरुषांना ही रेघ ९० ला. पोटाभोवतीची चरबी शुगर आणि बीपीला सगळ्यात जास्त खतपाणी घालते म्हणून.

मार्चमधला गुरुवार होता. ओपीडीला गर्दी, बाहेर ऊन मरणाचं, आणि लाईनमध्ये बसलेली एक काकी बाकावरून एकदम बाजूला कलंडली. आशाताईने पकडली म्हणून डोकं आपटलं नाही. आडवी करून पाय वर धरले, घामाने अंग थंडगार, बीपी ९६/६०, शुगर काढली तर ६८. ओळखीचीच काकी, वय ४९, माझ्याकडेच बीपीची गोळी चालू होती. शुद्धीत होती, गिळता येत होतं म्हणून साखर-मीठ घातलेलं लिंबूपाणी घोट घोट पाजलं. पंधरा-वीस मिनिटांनी चेहऱ्यावर रंग आला. मेडिकल ऑफिसर सरांना फोन केला, त्यांनी पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, आणा म्हणून सांगितलं, ईसीजी काढायचा होता आणि गोळीचंही बघायचं होतं.

गाडीची वाट बघताना विचारलं, काकी सकाळपासून काय खाल्लंत? तर म्हणाली, "पावडर."

"आणि काल?"

"कालपण पावडरच. अकरा दिस झाले, भाताक हात लावूक नाय." आणि मग डोळे मिटूनच विचारते, "मॅडम, वजन किती कमी झाला तां बगा ना."

चक्कर येऊन पडलेली बाई पहिला प्रश्न हा विचारते.

कोणीतरी माणूस गावात येऊन दोन डबे देऊन गेला होता, साडेतीन हजार घेतले, पंधरा दिवसांत सात किलो म्हणाला. सकाळी पावडर, रात्री पावडर, मधे लिंबूपाणी. त्यावर बीपीची गोळी नेहमीसारखी चालू, आणि बाई उन्हात दोन किलोमीटर चालत आलेली. पोटात काही नाही, अंगातलं पाणी-मीठ कमी, वरून बीपी उतरवणारी गोळी. पडणारच ती.

वजन केलं. ८२ पूर्णांक ५. आधीचं कार्ड काढलं तर ८६, उंची १५२ सेंटीमीटर, कंबर १०४, उपाशीपोटी शुगर ११८ म्हणजे सीमेवरची. साडेतीन किलो कमी बघून तिचा चेहरा उजळला. मी तिला तेव्हा नाही सांगितलं की यातलं बरंचसं पाणीच आहे, आणि असं उपाशी राहिलं की चरबीबरोबर मांसही झडतं, आणि जेवायला लागलीस की हे पाणी परत येणार. ते नंतर सांगितलं.

पण त्याच कार्डावर मला माझंच अक्षर दिसलं. एक वर्षापूर्वीचं. "आहार सल्ला दिला." तो सल्ला मला आठवतो, कारण मी सगळ्यांना तोच द्यायचे, काकी भात कमी करा, तेलकट बंद करा, रोज चाला, पुढचा पेशंट. अर्धा मिनिट. त्या अर्ध्या मिनिटात जे मी दिलं नाही ते शोधत ती त्या डबेवाल्याकडे गेली, हे मला त्या दिवशी फार लागलं.

दुसऱ्या दिवशी आशाताईला घेऊन मी तिच्या घरी गेले. बीपी बघायला म्हणून गेले पण मनात होतं की आज हिचं स्वयंपाकघर बघायचं. काका, धाकटा मुलगा जो बागेत कामाला जातो, ऐंशीच्या पुढची सासू, आणि काकी. मोठा मुलगा मुंबईला. गॅस, मिक्सर, विहिरीवर पंप. सासू म्हणाली की आमच्या टायमाक रोज बारा-पंधरा कळशे पाणी शेंदूचा लागायचा, वरवंट्यावर वाटण, जात्यावर पीठ. सुनेला हे कष्ट नाहीत म्हणून ती बोलत होती, सूर थोडा तक्रारीचा होता, पण तिने सांगितलं ते खरंच होतं. अंगाचे कष्ट गेले आणि तोप, म्हणजे भाताचं पातेलं, तेवढाच राहिला. कष्ट जावेतच, बाईने विहिरीवर मरावं असं माझं अजिबात म्हणणं नाही, पण मग हिशोब बदलतो.

काकी म्हणे, "मी खातंय खय? माझा वजन हवेन वाढता."

आधी मलाही वाटायचं की माणसं खोटं बोलतात. ती खोटं बोलत नव्हती. सकाळपासून मी बसले होते, तिने खरंच काही "खाल्लं" नाही. पाच वाजल्यापासून तीन चहा झाले होते, प्रत्येकात दोन चमचे साखर, पहिल्याबरोबर बेकरीतले चार कडक बटर. दिवसभरात चहा पाच. म्हणजे साखरच दहा चमचे, ५० ग्रॅम. ती कोणी जेवणात धरत नाही. मग तेलाचा कॅन विचारला. पाच लिटरचा, अठ्ठावीस दिवसांत संपतो, माणसं चार. मी औषधाच्या बाटलीबरोबर येणारं माप पर्समधून काढलं आणि काकीला तिच्याच पळीने तेल त्यात ओतायला लावलं, एक पळी म्हणजे पाच चमचे भरले. हिशोब केला तर माणशी रोज नऊ चमचे तेल, जिथे साधारण पाच पुरे, आणि एका चमच्यात चाळीसच्या वर कॅलरी. वर ओला नारळ रोज एक, त्यातही तेलच असतं. नारळ बंद करा असं कोकणात सांगणारी मी नाही, सांगितलं तरी कोण ऐकेल, पण वाटणाचं खोबरं निम्मं करता येतं.

खरं जे दिसलं ते दुपारी. काका जेवले, मुलगा जेवला, सासू जेवली. अडीच वाजता काकी बसली. ताट वाढून घेतलं नाही, तोपच पुढे ओढला. तोपातला उरलेला सगळा भात, सासूने ठेवलेली अर्धी भाकरी, कढईच्या तळाचं तेल आलेलं सार, मुलाने टाकलेला तळलेल्या बांगड्याचा तुकडा. तो तोप पुसून खाल्ला तिने. उपाशी दिवसांनंतर तर भूक जास्तच होती.

मी म्हटलं, काकी थांबा. आशाताईच्या किटमध्ये नवजात बाळांचं वजन करायचा झोळीचा काटा असतो, हूक आणि खाली कापडी झोळी. आम्ही स्वच्छ फडकं घातलं, तेवढाच भात रात्रीसाठी वेगळा काढलेला होता तो डब्यात भरला, डबा झोळीत ठेवला आणि काटा उचलून धरला. डब्याचं वजन वजा केलं. ६०० ग्रॅम. म्हणजे नुसत्या भाताच्याच जवळजवळ पावणेआठशे कॅलरी.

काकी त्या झोळीकडे बघत राहिली. सासूपण उठून बघायला आली. काकी हळूच म्हणाली, "उरला तर टाकूचा कसा गो? लक्ष्मी ती."

यावर मी काय बोलणार. अन्न टाकायचं नाही हे मलाही माझ्या आईने शिकवलंय. पण घरात जे उरेल त्याची जागा म्हणजे बाईचं पोट, हे कोणी ठरवलं? सगळ्यांचं झालं की जे असेल ते, कधी फार, कधी काहीच नाही, आणि कधी म्हणजे अडीच-तीनला. सकाळपासून चहावर काढलेली भूक दुपारी तोपावर तुटून पडते. हा दोष तिच्या जिभेचा नाहीच मुळी. माझ्या "भात कमी करा" मध्ये हे कुठेच नव्हतं.

म्हणून आम्ही पहिली गोष्ट ठरवली ती ही की काकीचं ताट सगळ्यांच्या आधी वाढायचं आणि झाकून ठेवायचं. आधी भाजी आणि मासा, मग एक ठरलेली वाटी भरून भात. आणि तांदूळ मोजून घ्यायचे, ते काम काकांकडे दिलं. सासूला हे आवडलं नाही, सून आधी वाढून घेते म्हणजे काय. मी तिथे वाद घातला नाही, फक्त म्हणाले आजी, काल ती पडली तेव्हा डोकं फुटलं असतं तर. आजी गप्प झाली.

पदार्थ नवीन एकही आणला नाही. ओट्स नाहीत, किनोआ नाही, देवगडात बसून कशाला. सकाळी बटरच्या जागी उकड्या तांदळाची पेज आणि बरोबर मुगाची किंवा अळसांद्याची (चवळीची) उसळ, पेजेत पाणी भरपूर म्हणून थोड्या तांदळात पोट भरतं आणि उसळीने ते टिकतं. कुळीथ आठवड्यातून तीनदा, शंभर ग्रॅम कुळथात २२ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं आणि आपण त्याला गरिबाची पिठी म्हणून नावं ठेवतो. मासे रोज खा म्हटलं, फक्त रवा लावून तळायच्या ऐवजी तिरफळं घालून तिखलं, म्हणजे माशाचं तिखट कालवण, किंवा केळीच्या पानात गुंडाळून तव्यावर. चहा दोन, साखर अर्धा चमचा. पाच लिटरचा कॅन पन्नास दिवस पुरवायचा.

मे महिन्यात तिने फोन केला, "आंबो खाव नको म्हणशीत तर मी गाव सोडून जातंय." मी म्हटलं खा, अर्धा हापूस जेवणाबरोबर आणि त्या दिवशी भात अर्धी वाटी, आमरस मात्र नको कारण वाटीभर रसात किती आंबे गेले ते कळतच नाही. जून-जुलैत मासेमारी बंद, सुक्या मासळीचे दिवस, तिथे मी कडक होते कारण सुकटीत मीठ प्रचंड आणि हिला बीपी. दोन पाण्यातून भिजवून पाणी टाकून द्यायचं आणि आमटीत वेगळं मीठ घालायचं नाही. पावसात टाकळा आणि कुर्डूची भाजी फुकट मिळते, ती भरपूर.

व्यायामाचं मला जास्त टेन्शन होतं कारण गुडघे. तिला पहिल्या दिवशी खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगितलं तर अर्ध्या मिनिटात तीनदा जमलं, तिसऱ्यांदा गुडघे धरूनच. मग तेच औषध. उंच खुर्ची, भिंतीला टेकवलेली, सकाळी पाच वेळा उठ-बस, संध्याकाळी पाच. भिंतीला हात टेकून ढकलायचं दहा वेळा. आणि प्रत्येक जेवणानंतर खळ्यात (अंगणात) दहा मिनिटं चालायचं, जेवल्यावर चाललं की शुगर कमी चढते. दिवसाला तीस, आठवड्यातले पाच दिवस धरले तरी दीडशे मिनिटं झाली. पावसात पडवीत. ऑगस्टपासून ओहोटीला ओल्या घट्ट वाळूवर, मऊ वाळूत नाही, तिथे पाय रुततो आणि गुडघा दुखतो.

टार्गेट मी ८० किलो दिलं होतं. २००२ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला होता, शुगर सीमेवर असलेल्या तीन हजारांहून जास्त माणसांचा, त्यात वजन सात टक्के उतरवायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा एवढंच ध्येय दिलं होतं आणि त्या गटात डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. ८६ चे सात टक्के म्हणजे सहा किलो. काकीला ५५ किलोची व्हायची गरजच नाही हे तिला पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

सुरुवातीला वजन वाढलंच. जेवायला लागली तशी दोन आठवड्यात ८४.८. ती उपकेंद्रात रडली, पावडरच बरी होती म्हणाली. तेव्हा मी टेप काढून कंबर मोजली, १०२ भरली, दोन सेंटीमीटर कमी, आणि तिला समजावलं की काट्यावर आलंय ते पाणी, टेपवर गेलंय ती चरबी. ते तिला किती समजलं माहीत नाही पण दुसऱ्या दिवशी चालली. जूनमध्ये ८२. गणपतीत मुंबईची सगळी मंडळी, मोदक, दीड किलो वाढलं, त्याबद्दल मी एक शब्द बोलले नाही. पुढच्या महिन्यात ते उतरलं.

एक दिवस अचानक गेले होते जुलैत, पाऊस कोसळत होता. काकी चुलीपाशी काहीतरी करत होती आणि ती आजी, जी बोलत नव्हती माझ्याशी महिनाभर, तिने ताट ओढलं, वाटीने भात मोजून घातला, वर तिखलं, दुसरं ताट पालथं घालून झाकलं. मग आत बघून ओरडली, "गो, तुझा वाडून ठेवलंय, आदी जेव." मी दारातच उभी होते छत्री मिटून. आत जायचं सुचलंच नाही मला.

नोव्हेंबरात वजन ७९.२. कंबर ९५, उपाशीपोटी शुगर १०४, अर्ध्या मिनिटात अकरा वेळा उठ-बस. बीपीची गोळी सरांनी बघून कमी केली, बंद नाही. काकांचं वजनही तीन किलो उतरलंय, न विचारता.

परवा गावच्या दहिकाल्याची जत्रा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ओपीडी उघडायच्या आधीच काकी दारात, पायी आलेली, धाप नाही. पदराआडून कागदाची पुडी काढून टेबलावर ठेवली. गुळाचं खाजं, वर तीळ, एक कोपरा तुटलेला.

"बाय, एकच तुकडो खाल्लंय. बाकीचा तुका हाडलंय."

आणि काट्यावर चढून उभी राहिली.