पहिली क्रूझ कुठली? आम्ही सांगलीकरांनी कशी ठरवली आणि कशी पार पडली

आमच्या घरात 'बोट' हा शब्द ऑगस्ट 2019 पासून जरा जपूनच उच्चारतात. त्या वर्षीच्या कृष्णेच्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी 45 फूट. गावभागातल्या आमच्या घराच्या गॅलरीतून सासूबाईंना रबरी बोटीत उतरवावं लागलं होतं. त्यामुळे हे निवृत्त झाल्यावर लेकीनं क्रूझचा विषय काढला, तेव्हा सगळ्यांनी आधी आईंच्या तोंडाकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "जेवायला घालणार असतील तर येते. मागच्या वेळी नुसती बिस्किटं दिली होती."

असे आम्ही सहा जण ठरलो: आम्ही दोघं, लेक, चौऱ्याहत्तर वर्षांच्या आई, आणि साताऱ्याहून माझा दादा-वहिनी. आता जायचं कुठं, यावर तीन महिने काथ्याकूट झाला. तो इथं जरा सविस्तर सांगते, कारण सहल चार रात्रींची होती पण खरं डोकं तिथं लागलं.

आधी मुंबई-गोवा. पासपोर्ट नको, व्हिसा नको, बॅलार्ड पिअरला चढायचं आणि दोन रात्रींत परत. "गोव्याला जायला मुंबईला कशाला जायचं? सांगलीतून सकाळी निघालं की आंबोलीमार्गे जेवायला गोव्यात," हे दादाचं म्हणणं. जहाजावर राहणं हीच सहल असते हे त्याला तेव्हा पटलं नाही, मलाही नाही. आज कुणी विचारलं, तर ज्यांच्याकडं पासपोर्ट नाही किंवा ज्यांना पाण्यावर झोप लागते का एवढंच बघायचंय, त्यांनी खुशाल हीच करावी. मुंबईहून लक्षद्वीपलाही क्रूझ जाते. लेकीचा जीव त्यात अडकला होता, पण तिथल्या अगत्ती बेटाला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, बाहेर उभं राहतं आणि लहान बोटीतून किनाऱ्यावर न्यावं लागतं. समुद्र खवळलेला असला तर उतरणंच रद्द होऊ शकतं. एवढे पैसे भरून बेट लांबून बघायचं म्हणजे कास पठारावर धुक्यात जाऊन आल्यासारखं.

वहिनीला युरोप हवा होता. भूमध्य समुद्रातल्या सात रात्रींच्या क्रूझ दिसायला फार मोहक: आज बार्सिलोना, उद्या मार्सेय, परवा रोम. नकाशा उघडल्यावर कळलं की 'रोम' म्हणजे चिवितावेक्किया नावाचं बंदर, आणि तिथून रोम साधारण 80 किलोमीटर. सकाळी उतरून, गाडी पकडून, कोलोसियमसमोर फोटो काढून संध्याकाळच्या आत परत. आईंना घेऊन हे होणं नाही. शिवाय शेंगेन व्हिसाची कागदपत्रं, आणि विमानाचं भाडं. ही खोड सगळीकडंच आहे बरं का. जाहिरातीत 'बँकॉक' लिहिलेलं असतं ते बंदर लाएम चबांग, शहरापासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. 'क्वालालंपूर' म्हणजे पोर्ट क्लांग, तिथूनही चाळीसेक किलोमीटर. पॅकेज बघताना शहराचं नाव वाचू नका, बंदराचं नाव शोधा आणि मग अंतर मोजा.

दुबईचाही विचार झाला. आखाती क्रूझचा हंगाम हिवाळ्याचा, समुद्रही शांत. पण हे दोनदा दुबईला जाऊन आलेले, त्यामुळे तो पर्याय चहा संपायच्या आत निकालात निघाला.

सिंगापूरहून पेनांग (मलेशिया), फुकेत (थायलंड) आणि परत सिंगापूर ही क्रूझ शेवटी टिकली ती समुद्रामुळं. मलाक्काची सामुद्रधुनी एका बाजूला सुमात्रा आणि दुसऱ्या बाजूला मलेशिया अशी दोन्हीकडून झाकलेली, तिथं मोठ्या लाटा सहसा उठत नाहीत. फुकेतच्या बाजूचा अंदमान समुद्र मात्र मे ते ऑक्टोबर पावसाळी वाऱ्याच्या तावडीत असतो, आणि नोव्हेंबर ते एप्रिल निवांत. आमच्याकडं सवड होती संक्रांतीनंतर. जुळलं. माझं मत विचाराल तर पहिल्या क्रूझला आधी तुमचा महिना ठरवा, त्या महिन्यात कुठला समुद्र शांत असतो ते बघा, आणि ठिकाण त्यातून आपोआप येऊ द्या. आम्ही उलट्या बाजूनं सुरुवात केली म्हणून तीन महिने गेले. आणि मे महिन्याच्या सुट्टीतच जायचं असेल, तर फुकेतचा हट्ट सोडून सिंगापूर-पेनांग-पोर्ट क्लांग असलं काहीतरी बघा.

रात्री किती? चार. दोन रात्रींत जहाजावरचा जिनाही पाठ होत नाही, आणि सात रात्रींत एखाद्याला पाणी मानवलं नाही तर सुटका नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. आम्ही गेलो तेव्हा मलेशिया आणि थायलंडला भारतीयांना व्हिसा लागत नव्हता, पण हे नियम बदलत असतात, पैसे भरायच्या आधी बघून घ्या. सिंगापूरला लागतोच. त्याची फी 30 सिंगापूर डॉलर, वर एजंटचे पैसे. तुम्ही सिंगापूरला दोनदा शिरता, एकदा विमानानं आणि एकदा जहाजानं, म्हणून व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना ते हातात पडल्याबरोबर वाचा. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड पोचायच्या आधी तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, ते फुकट असतं. त्याचे पैसे मागणाऱ्या साइट आहेत, ह्यांनी त्यातल्या एकीवर कार्डाचा नंबर टाकेपर्यंत मजल मारली होती. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. पॅकेज घेताना टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतलेला कर, कापतात, त्याची पावती जपून ठेवा, रिटर्न भरताना कामाला येते.

आणि एक दिवस आधी पोचा. विमान उशिरा आलं म्हणून जहाज थांबत नाही. आम्ही सांगलीहून रात्रीच्या बसनं मुंबई, तिथून साडेपाच तासांचं विमान, आणि एक रात्र लिटल इंडियात मुक्काम केला. सिंगापूरबद्दल मी नवीन काय सांगणार? मेट्रोच्या मरिना साउथ पिअर स्टेशनवर उतरलं की क्रूझ सेंटर चालत काही मिनिटांवर आहे. सामान फार नसेल तर टॅक्सी करू नका.

बॅगा तिथं दारातच घेतात आणि त्या संध्याकाळी तुमच्या खोलीच्या दाराशी येतात. मधल्या पाच-सहा तासांना लागणारं सगळं खांद्यावरच्या पिशवीत ठेवा: पासपोर्ट, गोळ्या, एक कपड्यांचा जोड. वहिनीची बीपीची गोळी मोठ्या बॅगेत गेली आणि ती जेवणाच्या वेळेपर्यंत खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसली.

बॅगा स्कॅन होतात. इस्त्री, एक्स्टेन्शन बोर्ड, विजेची किटली चालत नाही. दादा साताऱ्याहून खास चहासाठी किटली घेऊन आला होता, ती काढून घेतली आणि हातात टोकन दिलं. उदबत्ती-निरांजनही बंद, आग लागू शकते म्हणून. आईंनी देवाला नुसता हात जोडला. घरचं शिजवलेलं अन्न नेऊ देत नाहीत. आमचं भडंग आणि कंदी पेढे दुकानाच्या सीलबंद पाकिटात होते, ते बिनबोभाट गेले.

खोली घेताना जहाजाच्या मध्यावरची आणि शक्यतो खालच्या मजल्यावरची घ्या, हलणं तिथं सगळ्यात कमी. आम्ही आईंसाठी एक खिडकीची खोली घेतली आणि बाकीचे आतल्या, बिनखिडकीच्या स्वस्त खोल्यांत. त्या खोलीत सकाळ झालेली कळत नाही. दादा पहिल्या दिवशी साडेनऊपर्यंत झोपला आणि सूर्य उगवला नाही म्हणून तक्रार करत आला. बाल्कनीचे पैसे पहिल्या वेळी वाचवायला हरकत नाही, आम्ही खोलीत होतोच कुठं?

निघायच्या आधी सुरक्षेची कवायत होते, सगळ्यांना आपापल्या जागी हजेरी लावावी लागते. पूर्वी जहाज निघाल्यावर चोवीस तासांत ती घेतली तरी चालायची. 2012 साली इटलीजवळ कोस्टा काँकॉर्डिया कलंडलं, आणि 2015 पासून निघायच्या आधी किंवा निघताच ती सक्तीची झाली. लोक कंटाळा करत होते. आई मात्र लाइफ जॅकेटचा पट्टा कसा लावतात ते दोनदा विचारून आल्या आणि आम्हा पाचजणांना शिकवलं.

खाण्याची चिंता सोडा. शाकाहारी, जैन हे बुकिंगच्या वेळीच लिहून द्यायचं, आणि पहिल्या रात्री जेवणघरातल्या मुख्य वाढप्याला तोंडी सांगायचं. आई माळकरी. मध्येच एकादशी आली. आदल्या रात्री लेकीनं त्या वाढप्याला उपवास म्हणजे काय ते समजावलं, तर दुसऱ्या दिवशी उकडलेले बटाटे, फळं, दही आणि न मागता शेंगदाणे आले. तो मंगळूरकडचा निघाला.

पेनांगला जहाज दुपारी लागलं, थेट जॉर्ज टाउनच्या धक्क्याला. गाडी लागत नाही, सहल विकत घ्यावी लागत नाही, फाटकातून बाहेर पडलं की गाव सुरू. या गावाला 2008 पासून युनेस्कोचा जागतिक वारशाचा दर्जा आहे. इथल्या लिटल इंडियातलं मरिअम्मनचं देऊळ 1833 चं. तिथं तमिळ बायकांच्या रांगेत उभं राहून आईंनी खाणाखुणांनी बरंच काही बोलून घेतलं. पण त्या खऱ्या रमल्या च्यू जेटीवर. चिनी कुटुंबांनी एकेका आडनावाची वस्ती करून समुद्रात खांबांवर घरं बांधली आहेत. फळ्यांच्या वाटेवरून चालायचं, फटीतून खाली पाणी दिसतं. एका दारात म्हातारी भाजी निवडत होती. आई थबकल्या, खाली वाकून खांब बघितले, कुठपर्यंत ओल चढलीय ते बोटानं दाखवलं, आणि म्हणाल्या, "ह्यांच्याकडं रोजच आहे. म्हणून सामान बघ, सगळं उंचावर." खरंच होतं. आमच्या घरातही 2019 नंतर फ्रिज दोन विटांवर आहे.

फुकेतला मात्र आमचं जहाज धक्क्याला लागलं नाही. पातोंगच्या किनाऱ्यासमोर त्यानं नांगर टाकला आणि लहान बोटींनी माणसं नेली. लक्षद्वीप ज्या कारणानं सोडलं तेच इथं होतं, आणि हे मला बुकिंगनंतर कळलं. तुम्ही आधीच विचारा: धक्का की टेंडर, म्हणजे लहान बोट? गुडघे दुखणाऱ्या माणसाला पाण्यावर हलणाऱ्या बोटीत पाय टाकायचा असतो, हे लक्षात ठेवा. दोन खलाशांनी आईंना दोन्ही दंडांना धरलं. त्यांनी पर्स पोटाशी घट्ट धरली होती, पुराच्या वेळी कागदपत्रांची पिशवी धरली होती तश्शी. मी काही बोलले नाही. बसल्यावर त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाल्या, "हिला बाकडी आहेत की." मग आख्खा वेळ बाहेर बघत बसल्या.

आणि इथंच आम्ही मार खाता खाता वाचलो. थायलंडचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागं असतं. आमच्या जहाजानं सिंगापूरचीच वेळ ठेवली होती, मोबाइलनं मात्र किनाऱ्यावर पाय ठेवताच स्वतःहून थायलंडची घेतली. शेवटची बोट पाचची. आम्ही फोनवर साडेतीन बघून शहाळी पीत बसलो होतो, म्हणजे जहाजाचे साडेचार! आईंच्या हातात ह्यांच्या वडिलांचं किल्लीचं घड्याळ होतं, सिंगापूरला लावलेलं. "साडेचार झाले, जायचं नाही का?" असं त्यांनी विचारलं आणि मग आम्ही अक्षरशः पळालो. किनाऱ्यावर जाताना मनगटावर साधं घड्याळ हवं, आणि जहाज कुठली वेळ पाळतंय ते उतरताना फलकावर वाचून घ्या. काही जहाजं स्थानिक वेळेप्रमाणं बदलतात, काही नाही.

फोनवरून आठवलं. समुद्रात जहाजाचं स्वतःचं उपग्रहाचं नेटवर्क असतं आणि फोन ते आपण होऊन पकडतो. नेहमीचा परदेशी रोमिंग पॅक तिथं चालेलच असं नाही. दादाला एका उचललेल्या फोनचं जे बिल आलं, त्यात साताऱ्यात सहा जणांचं जेवण झालं असतं. चढल्याबरोबर फोन एअरप्लेन मोडवर टाका.

खर्च माणशी एक लाख दहा हजारांच्या आसपास झाला, विमान-व्हिसा-हॉटेल धरून. तिकिटात खोली, जेवण आणि रात्रीचे कार्यक्रम येतात. दारू, वायफाय, किनाऱ्यावरच्या सहली आणि टिप वेगळी. टिप माणशी रोजची डॉलरमध्ये लागते. सहा जणांची चार रात्रींची धरली तर तो आकडा लहान नसतो, आधीच हिशेबात घ्या. जहाजाच्या खात्याला क्रेडिट कार्ड जोडा. ह्यांनी फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधी परकीय चलन भरून घेतलेलं कार्ड, दिलं, त्यातले पैसे अडकवून ठेवले ते घरी आल्यावर काही दिवसांनी मोकळे झाले.

उलटीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून नेल्या होत्या, कुणालाच लागल्या नाहीत. परतीच्या रात्री थोडं हललं, ते खिडकीच्या पडद्याच्या झोक्यावरून कळलं तेवढंच. आई गाढ झोपल्या होत्या.

उतरताना काढून घेतलेल्या वस्तू टोकन दाखवून परत मिळतात, पण ते टेबल वेगळं असतं, बॅगांच्या पट्ट्याजवळ शोधायचं. दादाचं टोकन अजून त्याच्या पाकिटात आहे.